सायबरबुलिंग करणारी मुलं हे शिकतात कुठे?

रानजाई
नववीच्या वर्गाचा ग्रुप. मुलांनीच मुलांसाठी केलेला, शिक्षक वगैरे कुणी नाही. त्यात एकाने पोल टाकला, 'वर्गातला सगळ्यात मोठा नमुना कोण?' खाली चार पर्याय आणि चारही ठिकाणी एकाच मुलाचं नाव. तासाभरात तीसेक मतं पडली. ज्याचं नाव होतं त्यानेही मत दिलं आणि खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला इमोजी टाकला. माझ्या मुलीने हे मला दाखवलं तेव्हा ती स्वतःही हसत होती. तो इमोजी पाहून मात्र मला कसंसंच झालं.

पोल टाकणाऱ्या मुलाला मी लहानपणापासून ओळखते. अभ्यासात बरा, मोठ्यांशी अदबीने बोलणारा, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. आईवडील सज्जन.

तर प्रश्न असा, की हे येतं कुठून? 'मोबाइलमुळे' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. मोबाइल तिथे सगळ्यांकडेच आहे, पोल टाकायचं एकालाच सुचलं. घर, मित्रमंडळ, शाळा, आजूबाजूची मोठी माणसं यातलं काय मुलाला तिथवर नेतं? पालक, शिक्षक आणि इथली तरुण मंडळी, सगळ्यांनी लिहा. 'मोबाइल काढून घ्या' एवढंच लिहिणार असाल तर काढून घेतल्यावर पुढे काय झालं तेही लिहा, ही विनंती.

बंडूनाना
मोबाइल काढून घ्या.
(गमतीत घ्या. पळतो.)

तिरपागडा
रुमाल टाकून ठेवतोय. रात्री सविस्तर लिहितो.

जुनाखोड
चिडवाचिडवी आमच्या वेळीही होती. वर्गातल्या प्रत्येकाला टोपणनाव होतं आणि त्यातली निम्मी इथे लिहिण्यासारखी नाहीत. कुणी त्याला बुलिंग म्हणत नव्हतं. दोन दिवस तोंड पाडून बसायचं, तिसऱ्या दिवशी त्याच पोरांबरोबर खेळायला जायचं. हल्ली मुलांना जरा काही लागलं की घर डोक्यावर घेतो आपण. पोल वाईटच, पण त्याचा एवढा बाऊ नको.

अस्मानी
जुनाखोडकाका, तुम्हाला टोपणनावाने हाक मारणारे डोळ्यांसमोर तरी होते. तुमचा चेहरा पडलेला त्यांना दिसत होता. इथे त्या मुलाने हसरा इमोजी टाकला आणि सगळ्यांनी तो खरा धरला. समोरच्याला लागलंय हे कळायची वाटच बंद.

चष्मिष
चिडवणं कुठे संपतं यावर बराच खल होऊन गेला आहे. नॉर्वेचे डॅन ओल्वेयस १९७० च्या दशकापासून यावर काम करत होते. त्यांनी तीन खुणा सांगितल्या. मुद्दाम केलेलं, पुन्हापुन्हा केलेलं आणि दोघांच्या ताकदीत फरक असलेलं. जुनाखोड यांची टोपणनावं तिसऱ्या खुणेत बसत नाहीत, कारण तिथे सगळेच सगळ्यांना नावं ठेवत होते.

ऑनलाइन गोष्टींत दुसरी खूण मोठी अवघड होते. टाकणारा एकदाच टाकतो. पुढे पाठवणारे, स्क्रीनशॉट काढणारे, त्याचं स्टिकर करणारे ते शंभरदा घडवतात. म्हणून 'मी एकदाच टाकलं होतं' असं मूल सांगतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं, आणि समोरच्या मुलावर शंभर वेळा बेतलेलं असतं हेही खरंच असतं.

मास्तरीणबाई
बरीच वर्षं आठवी ते दहावीला शिकवते आहे. टवाळी करणारं मूल म्हणजे विस्कटलेल्या घरातलं, मार खाल्लेलं मूल, असं मीही सुरुवातीला धरून चालायचे. तशी मुलं असतात, नाही असं नाही. पण अशा पोलमागे मला बहुतेक वेळा दिसतं ते मधलं मूल. वर्गात ज्याचं नाव आहे पण अजून पुरेसं नाही, असं. वरच्या टोळक्यात त्याला घेतात, पण कधीही काढून टाकतील याची त्याला धास्ती असते. पोल टाकताना ज्याचं नाव टाकलंय त्याच्याकडे त्याचं लक्षही नसतं. ते बघत असतं टोळक्यातलं कोण हसलं ते. आणि टोळक्याचा म्होरक्या स्वतः कधी पोल टाकताना मला दिसला नाही. त्याला गरजच नसते.

चष्मिष
मास्तरीणबाई, अगदी हेच रॉबर्ट फॅरिस आणि डायेन फेल्मली या समाजशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं होतं. अमेरिकेतल्या शाळांमध्ये कोण कुणाचा मित्र आणि कोण कुणाला त्रास देतं याचे नकाशे काढले. मूल मित्रांच्या उतरंडीत जसजसं वर चढतं तसतसा त्याचा आक्रमकपणा वाढतो आणि अगदी शिखरावर पोचलेल्यांत पुन्हा कमी होतो. म्हणजे शिडीवरची मुलं लाथा मारतात, गच्चीवर पोचलेली नाहीत.

नीलपंख
शिडीचं पटलं. पण ही शिडी शाळेच्या आधी घरातच लावलेली असते ना? 'त्याला किती पडले, तुला किती?' हे वाक्य ज्या घरात रोज बोललं जातं त्या घरातलं मूल माणसांकडे वर-खाली असंच बघणार. त्यासाठी आईवडील दुष्ट असायला लागत नाहीत. चांगले, काळजी करणारेच आईवडील हे बोलतात.

कोपरा
मला वाटतं आपण फारच लांब शोधतोय. आमच्या कुटुंबाचा ग्रुप आहे, चाळीसेक मंडळी. त्यात माझ्या एका आतेभावाच्या टकलावर रोज विनोद चालतो. त्याचा फोटो आला की कुणीतरी चमकणाऱ्या सूर्याचं चित्र टाकतं आणि खाली हसण्याची रांग लागते, त्यात ऐंशीच्या घरातले आजोबासुद्धा. एकदा तो न बोलता ग्रुपमधून बाहेर पडला. पाच मिनिटांत त्याला परत घेतलं आणि वर टोमणा, 'साहेबांना हल्ली विनोद सोसत नाही वाटतं.' त्यानंतर तोही हसरे इमोजी टाकतो.

माझी मुलगी तो ग्रुप माझ्याच फोनवर वाचते. एकाला धरून सगळ्यांनी हसायचं, त्याला लागलं तर दोष त्याचा, आणि बाहेर पडायची सोय नाही. एवढं सगळं तिला घरबसल्या कळलं. शाळेच्या ग्रुपने वेगळं काय शिकवायचं राहिलंय?

बंडूनाना
कोपरा, कुटुंबाच्या ग्रुपमधून बाहेर पडलेल्या माणसाला पुन्हा आत ओढणं हा दखलपात्र गुन्हा व्हायला हवा.

शांभवी_म
कोपरा यांना हजारदा अनुमोदन. आमच्याकडे सासरे नातवाला सगळ्यांसमोर 'बावळट' म्हणतात आणि 'प्रेमाने म्हणतो' असं वर सांगतात. धाकटी आता भावाला तोच शब्द वापरते, आणि तिच्या आवाजात प्रेम अजिबात नसतं.

चष्मिष
शांभवी, भावंडांचा मुद्दा आणलात ते बरं झालं, तो नेहमी सुटून जातो. डीटर वोल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भावंडांमधल्या छळावर बरंच काम केलं आहे. घरात भावंडाकडून त्रास होणारी मुलं बाहेरही अशा प्रकारांत सापडण्याची शक्यता जास्त असते, कधी सोसणारी म्हणून, कधी करणारी म्हणून. घरात आपण 'भावंडं भांडायचीच' म्हणून सोडून देतो.

दुसरं, जेराल्ड पॅटरसन यांनी दाखवलेलं चक्र. आई काही सांगते, मूल आवाज चढवतं, आई आणखी चढवते, मूल आदळआपट करतं, शेवटी आई थकून सोडून देते. त्या दिवशी मूल एक गोष्ट शिकतं, की पुरेसा त्रास दिला की समोरचा माघार घेतो. उद्या आई जिंकली तरी धडा तोच, फक्त जिंकणारं माणूस बदललं.

निळीशाई२१
पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस नुसती वाचत होते. मी सध्या कॉलेजला आहे.

शाळेत असताना माझ्या नावाने एक खोटं अकाउंट निघालं होतं. माझाच फोटो, माझं नाव, फक्त शेवटी एक अंक जास्त. त्यावरून वर्गातल्या मुलांना मी लिहिल्यासारखे मेसेज जायचे. काय ते इथे लिहीत नाही. मुलं मला वर्गात त्या मेसेजमधली वाक्यं म्हणून दाखवायची, आणि मला ते वाक्य कुठलं हेही माहीत नसायचं.

घरी बरेच महिने सांगितलं नाही. आमच्या घरी मारहाण नाही, आरडाओरडा नाही. तरी सांगितलं नाही, कारण पुढचे दोन प्रश्न मला पाठ होते. पहिला, 'तू काय केलं होतंस?' दुसरा, 'फोन दे इकडे.' तेव्हा वर्गात दोनच मैत्रिणी माझ्या बाजूने होत्या आणि त्या दोघी फोनवरच बोलायच्या, कारण शाळेत माझ्याशी बोलताना दिसलं तर त्यांचीही गत माझ्यासारखी झाली असती. फोन गेला असता तर त्याही गेल्या असत्या. खोटं अकाउंट मात्र चालूच राहिलं असतं. ते कुठे माझ्या फोनवर होतं?

शेवटी मावशीला कळलं. तिने काय झालं, कसं झालं, कुणी केलं यातलं काही आधी विचारलं नाही. म्हणाली, 'यातलं आत्ता सगळ्यात आधी काय बंद व्हायला हवंय तुला?' मी म्हटलं, फोटो. मग आम्ही दोघींनी बसून स्क्रीनशॉट काढले, तारखेप्रमाणे लावले, अकाउंटची तक्रार केली. शाळेत ती आली, मला घेऊन गेली नाही. आईबाबांनाही तिनेच सांगितलं, आणि त्यांच्याकडून आधी वचन घेतलं की फोन काढून घ्यायचा नाही.

अस्मानी
निळीशाई, लिहिलंस ते खूप बरं केलंस. मावशीला माझा नमस्कार सांग.

रानजाई
निळीशाई, तुझे 'दोन प्रश्न' मी आत्ता कागदावर लिहून फ्रीजवर लावलेत. नवऱ्याने विचारलं हे काय, म्हटलं जे विचारायचं नाही त्याची यादी.

जुनाखोड
निळीशाई, तुझ्या बाबतीत झालं त्याला मी चिडवाचिडवी म्हणणार नाही, ते सरळ सरळ वाईट. पण माझा मूळ मुद्दा सगळा सोडलेला नाही. सगळेच छळ एका मापाने मोजले की खऱ्या छळाचं गांभीर्य जातं.

तिरपागडा
रुमाल उचलतो.

घराला इतकं धरून बसू नका. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये पडद्याआड माणूस कसा सैल होतो ते नीट मांडलं. नाव लपलेलं, चेहरा दिसत नाही, उत्तर लगेच येत नाही, हा सगळा खेळ आहे असं वाटतं, कुणी मोठं बघत नाही. यातल्या एकालाही वाईट आईवडील लागत नाहीत.

पुरावा हवा तर लांब जाऊ नका. मागे इथेच एका नव्या आयडीने कविता टाकली होती. सात-आठ जणांनी मिळून त्या माणसाची जी धुलाई केली, ओळ ओळ उचलून विडंबनं काय, 'पुढची कधी?' म्हणून रोज विचारणं काय. तो आयडी परत दिसला नाही. धुणारे सगळे चाळिशी-पन्नाशीतले, सुसंस्कृत, इथे मुलांच्या काळजीने लिहिणारे. दोघं तर या धाग्यावरच आहेत.

हटवादी
कविता खरंच वाईट होती.

तिरपागडा
'तो मुलगा खरंच नमुना आहे' असं पोलवाला पोरगाही म्हणेल.

हटवादी
साहित्यावर टीका आणि माणसाचा छळ यातला फरक कळत नसेल तर बोलण्यात अर्थ नाही. बाकी तुम्ही कुणाचे डुप्लिकेट आयडी आहात ते इथे सगळ्यांना माहीत आहे.

संपादक मंडळ
व्यक्तिगत रोखाचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. सायबरबुलिंगच्या धाग्यावर ही सूचना द्यावी लागते आहे, याची सदस्यांनी आपापली नोंद घ्यावी.

बंडूनाना
हसून हसून पुरेवाट. संपादकांचा हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवा.

मास्तरीणबाई
तिरपागडा, एक दुरुस्ती. 'मोठं कुणी बघत नाही' हे दर वेळी खरं नसतं. २००६ मध्ये अमेरिकेत मिसुरीत तेरा वर्षांच्या एका मुलीशी मायस्पेसवर एका खोट्या मुलाच्या नावाने मैत्री केली गेली, मग तोच तिला लागेल असं बोलू लागला. तिने जीव दिला. चौकशीत कळलं की त्या खोट्या खात्यामागे ओळखीतल्या, शेजारच्याच एका मुलीची आई होती. ज्युरीने २००८ मध्ये त्या बाईला किरकोळ गुन्ह्यांत दोषी धरलं, पुढच्या वर्षी न्यायाधीशांनी तो निर्णयही रद्द केला. आपल्या मुलीची बाजू घ्यायची म्हणून आईच त्यात उतरते हे वाचून मी हादरले होते. त्याचं सौम्य रूप दर वर्षी बघते. दोन मुलींचं बिनसतं आणि आठवड्याभरात दोघींच्या आया एकमेकींवर स्टेटस टाकत असतात.

गोंधळी_गडी
माझ्या मते यात मुलीच जास्त असतात. समोर गोड आणि मागून ग्रुप.

चष्मिष
गोंधळी, आकडे तसं सांगत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०२४ मध्ये ४४ देशांतल्या शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. ऑनलाइन त्रास झाला असं सांगणारे मुलगे १५ टक्के, मुली १६ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. आपण दुसऱ्याला त्रास दिला असं सांगणारे मात्र मुलगे १४ टक्के आणि मुली ९ टक्के. चारही आकडे २०१८ पेक्षा वाढलेले.

आणि ओल्वेयस यांनीच २०१२ मध्ये असं मांडलं की सायबरबुलिंगचा बोलबाला जास्त झाला आहे, ऑनलाइन त्रास होणाऱ्या बहुतेक मुलांना वर्गातही त्रास होतच असतो. त्यावर वाद झाले, पण पालकांसाठी त्यात एक खूण आहे. फोनमध्ये दिसलं ते बहुधा वर्गात आधीच सुरू झालेलं असतं.

जुनाखोड
सगळे सोसणाऱ्याबद्दल आणि कारणांबद्दल बोलताय. करणाऱ्या मुलाचं काय करायचं ते कुणी सांगेल का? बिचारा घरातून शिकला, बिचारा शिडीवर होता, म्हणून सोडून द्यायचं?

ओलावा
मी शाळेत समुपदेशन करते, म्हणून यावर लिहिते. सोडून अजिबात द्यायचं नाही. पण प्रार्थनेच्या वेळी उभं करून सगळ्यांसमोर माफी मागायला लावू नका. त्यात सोसणारं मूल पुन्हा एकदा सगळ्यांच्या नजरेला येतं आणि करणाऱ्याला टोळक्यात नवा मान मिळतो.

करणाऱ्याच्या आईवडिलांना बोलावलं की पहिलं वाक्य नव्वद टक्के वेळा 'आमचा तसा नाही' आणि दुसरं 'त्याने आधी काहीतरी केलं असणार'. ही दोन वाक्यं मुलगा शेजारी बसून ऐकत असतो. तो पुढे माझ्याशी बोलताना शब्दन् शब्द तेच बोलतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी माणूस आपल्या वागण्यासाठी शोधतो त्या अशा पळवाटा नीट मांडल्या आहेत. गंमत होती, सगळेच करत होते, त्याचीच चूक होती. या पळवाटा बऱ्याचदा मुलाला आयत्या मिळतात, आणि देणारे आईवडीलच असतात.

मी मुलाकडून आधी लिहून घेते. पोल टाकायच्या आधी कुणाशी बोललास, कोण हसेल असं वाटलं होतं, कोण हसलं नाही. तिसऱ्या प्रश्नावर मुलं अडकतात. कारण न हसलेल्यांकडे त्यांनी पाहिलेलंच नसतं. पोल त्यानेच त्याच ग्रुपवरून काढायचा, आणि घरी फोन जप्त करण्याऐवजी काही आठवडे तो ग्रुप एका मोठ्या माणसाबरोबर उघडायचा, एवढं तरी ठरवतो. नेहमीच जमतं असं म्हणणार नाही. आणि यातली कितीतरी मुलं दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपवर स्वतः सोसत असतात. तेही तेव्हाच बाहेर येतं.

मास्तरीणबाई
ओलावा, 'कोण हसलं नाही' हा प्रश्न उद्यापासून माझा. फिनलंडच्या क्रिस्तिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये हेच दाखवलं होतं की छळ दोघांत होत नाही, त्यात साथ देणारे, हसून हवा भरणारे, बाजूला उभे राहणारे आणि अडवणारे असे सगळे असतात. तिथल्या शाळांमधल्या 'किवा' या छळविरोधी उपक्रमात सगळा भर त्या बघणाऱ्यांवर आहे. करणारा सुधारेल तेव्हा सुधारेल, त्याच्यासमोरचं प्रेक्षागृह आधी रिकामं करा, असा हिशेब.

रानजाई
काल लेकीशी बोलले. पोल टाकणाऱ्याबद्दल काही विचारलं नाही, तिच्या मताबद्दल विचारलं. तिने मत दिलं होतं. म्हणाली, 'सगळ्यांनी दिलं. दिलं नसतं तर कोणी नाही दिलं ते दिसलं असतं ना.' त्या पोलमध्ये कुणी काय मत दिलं ते नावासकट दिसतं हे मला माहीतच नव्हतं. त्या तीस जणांमधले निम्मे तरी भीतीने हसले असतील असं आता वाटतंय. म्हणजे माझा प्रश्नच जरा चुकीच्या मुलावर होता.

कोपरा
इथे लिहिल्यावर मी कुटुंबाच्या ग्रुपवर आतेभावाच्या सूर्याला उत्तर म्हणून लिहिलं, 'आता पुरे.' दोन तास कुणीच काही बोललं नाही. मग आजोबांनी त्यांच्या पोपटाचा फोटो टाकला. आतेभावाचा वेगळा मेसेज आला, नुसता अंगठा.

मनमोकळी
उशिरा वाचलं. माझ्या भाच्याच्या बाबतीत असाच खोट्या अकाउंटचा प्रकार सुरू आहे. निळीशाई, स्क्रीनशॉट काढताना नेमकं काय काय घ्यायचं?

निळीशाई२१
मनमोकळीताई, अकाउंटचं पूर्ण नाव अंकासकट, वरची पट्टी, तारीख-वेळ आणि मेसेजच्या मागचे-पुढचे दोन-तीन मेसेज, म्हणजे संदर्भ कळतो. प्रोफाइलची लिंक वेगळी कॉपी करून ठेवा, नाव बदललं तरी कधी कधी त्यावरून सापडतं. आणि ब्लॉक हे सगळं झाल्यावर करा, आधी केलंत तर तुम्हालाच ते अकाउंट दिसेनासं होऊ शकतं. भाच्याला सगळं पुन्हा वाचायला लावू नका. माझे स्क्रीनशॉट मावशीने काढले होते, मी शेजारी बसून दुसरंच काहीतरी बघत होते.